चौदा महिने छातीवर पिस्तूल : अलास्कातल्या अस्वलांच्या वाटांवर

ग्लॉक २० हे १० मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांचं पिस्तूल मी गेले चौदा महिने वापरतोय. वापरतोय म्हणजे छातीवर बांधून डोंगरात हिंडतोय आणि महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन सराव करतोय. अस्वलावर एकही गोळी झाडलेली नाही आणि ती वेळ कधी येऊ नये हीच मनापासून इच्छा आहे. याआधी पाच महिने माझ्याकडे .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर होतं, ते विकलं. अमेरिकेच्या खालच्या राज्यांतल्या मराठी मित्रांचे दर उन्हाळ्याच्या तोंडावर फोन येतात, "अलास्काला येतोय, सोबत कुठली बंदूक ठेवू?" प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

सगळ्यात आधी कागदपत्रांचं, कारण यात आपली माणसं नकळत अडकू शकतात. मी ग्रीन कार्डवर आहे, त्यामुळे दुकानातला सरकारी फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन पिस्तूल विकत घेता आलं. पण तुम्ही एच-वन-बी किंवा पर्यटक व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हाच गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद सोडले तर रेंजवर मित्राची बंदूक हातात घेणंही त्यातच मोडतं. अलास्कात पिस्तूल सोबत ठेवायला वेगळा परवाना लागत नाही हे खरं, पण ती सूट ज्यांना बंदूक बाळगायची मुळात मुभा आहे त्यांनाच. व्हिसावर असाल तर हा लेख फक्त बेअर स्प्रेपुरता (अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा) वाचा. त्यात काही कमीपणा नाही, का ते पुढे कळेल.

बंदूक घ्यायची गरजच काय, असं आई अजून विचारते. अँकरेजच्या पूर्वेला घरं संपतात तिथे चुगाच स्टेट पार्क सुरू होतं, म्हणजे अस्वलांचा मुलूख माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. १९९५ च्या जुलैत मॅकह्यू क्रीकच्या पायवाटेवर मूसच्या (इथल्या भल्यामोठ्या हरणाच्या) मढ्याची राखण करणाऱ्या तपकिरी अस्वलाने दोघांचा जीव घेतला होता. ती वाट शहराला लागूनच आहे, आणि आम्ही तिथे नेहमी जातो. माझं आजोळ गोंदिया जिल्ह्यातलं. मोहफुलं वेचायला पहाटे रानात गेलेल्या बायामाणसांना अस्वलाने फाडल्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्यात. वाघ निदान बाजूला होतो, अस्वल अंगावर येतं, हे मामांचं वाक्य. इथलं तपकिरी अस्वल आपल्याकडच्या अस्वलाच्या दुपटी-तिपटीहून मोठं, पण जवळून एकदम समोर आलात की भडकायचं, हा स्वभाव तोच.

आता मुद्द्याचं. बंदूक की स्प्रे, यावर इथे लोक तावातावाने बोलतात. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अस्वल-अभ्यासकांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दोन संशोधनं मी खरेदीच्या आधी वाचली होती. २००८ च्या संशोधनात अलास्कातले १९८५ ते २००६ मधले स्प्रे वापरल्याचे ८३ प्रसंग तपासले आहेत. तपकिरी अस्वलाचं नकोसं वागणं स्प्रेने ९२ टक्के वेळा थांबवलं आणि स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के माणसांना जखमही झाली नाही. २०१२ च्या संशोधनात बंदुकीचे २६९ प्रसंग आहेत, थेट १८८३ पासूनचे. त्यात पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं ८४ टक्के आणि लांब बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून 'स्प्रे जिंकला' म्हणणं मला पटत नाही, कारण स्प्रेच्या प्रसंगांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही बरीच आहेत. तरी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. स्प्रेला नेम लागत नाही. सात-आठ मीटरवर ढग उभा केला की अस्वल त्यात आपणहून शिरतं. पिस्तुलाला नेम लागतो, तोही आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दोन सेकंदांत. म्हणून आमच्याकडे स्प्रे आधी आणि पिस्तूल नंतर, हा क्रम ठरलेला आहे.

मग पिस्तूल कशाला? तंबूत स्प्रे मारला तर आधी आपणच आंधळे होणार. समोरून जोराचा वारा असेल तर ढग आपल्याच तोंडावर येतो. डबा सहा-आठ सेकंदांत रिकामा होतो आणि मग उरलेले दहा किलोमीटर मोकळ्या हातांनी चालायचं असतं. या तीन प्रसंगांसाठी मी पिस्तूल बाळगतो.

पहिली खरेदी चुकली, आणि कशी चुकली ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेकजण नेमकी हीच खरेदी करतात. अस्वल मोठं म्हणून मी गोळी मोठी घेतली. .४४ मॅग्नम, चार इंची नळी, सहा गोळ्या, स्टेनलेस स्टील, भरल्यावर वजन सव्वा किलोच्या वर. ३०० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी आणि नळीच्या तोंडाशी सुमारे १३०० जूल ऊर्जा. कागदावर १० मिलिमीटरपेक्षा सरस यात वाद नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात, चाळीस वर्षं अलास्कात काढलेले. ते मला रॅबिट क्रीकच्या रेंजवर घेऊन गेले. चक्रीतल्या सहापैकी कुठल्या घरात भरलेलं काडतूस आहे आणि कुठल्यात झाडलेलं रिकामं, हे त्यांनी मला न दाखवता चक्री बंद केली आणि रिव्हॉल्व्हर हातात दिलं. म्हणाले, मार. पहिली गोळी सुटली. झटका मनगटातून थेट खांद्यात गेला, अंगठ्याच्या बेचक्यात सालटं निघालं. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसती 'टक'. घर रिकामं होतं. पण तेवढ्यात नळीचं तोंड चार बोटं खाली बुडालेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. गोळी सुटलीच नव्हती, हाताने मात्र झटक्याच्या भीतीने आधीच मान टाकली होती. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तेच. दहा मीटरवरच्या निशाणाच्या पानावर जिथे नेम धरला होता तिथून मी वीतभर खाली मारत होतो. जी गोळी अस्वलाला लागणारच नाही तिची ऊर्जा मोजून काय करायचं?

तीन महिने मी ती सवय मोडायचा प्रयत्न केला. हलकी काडतुसं घेतली, रबरी मूठ लावली. थोडा फरक पडला. पण दर शनिवारी रेंजला जायचं म्हटलं की कंटाळा येऊ लागला आणि पाठीवर बारा किलोची सॅक असताना छातीवर तो लोखंडाचा गोळा नकोसा व्हायला लागला. ऑगस्टमध्ये एकदा 'आज जवळच तर जायचंय' म्हणून रिव्हॉल्व्हर गाडीतच ठेवलं. त्या दिवशी काही झालं नाही, पण परत येताना ठरवलं की हे विकायचं.

ग्लॉक २० घ्यायच्या आधी रेंजवर भाड्याने घेऊन त्यातून शंभर गोळ्या मारल्या. हे जरूर करा. रिकामं पिस्तूल पाऊण किलोच्या थोडं वर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. मला साधारण साडेसहाशे डॉलर पडले, इथे विक्रीकर नाही. १० मिलिमीटरचं काडतूस १९८३ चं. गोळी आणि वेग दोन्ही साध्या ९ मिलिमीटरपेक्षा बरेच पुढे, तरी झटका .४४ च्या मानाने सोसवणारा, ढकलल्यासारखा. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस तुकडीकडे ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल असतं. ते वाचून धीर आला हे कबूल करतो, पण विकत घेतलं ते पानावरच्या भोकांकडे बघून. दहा मीटरवर, घाईने, पाच गोळ्या, आणि पाचही तळहाताएवढ्या जागेत. रिव्हॉल्व्हरने मला हे पाच महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

काडतुसांबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. माणसांपासूनच्या संरक्षणासाठी जी पोकळ टोकाची गोळी विकतात ती आत जाऊन फुलते आणि थांबते. अस्वलाला ती चालत नाही. जाड कातडी, चरबी, खांद्याचे स्नायू आणि मग हाड, एवढं सगळं पार करून गोळी खोल जायला हवी. त्यासाठी चपट्या टोकाची, न फुलणारी, जड गोळी लागते. बहुतेक लोक टणक शिशाची २२० ग्रेनची गोळी सुचवतात. मीही तीच घेतली. एका कंपनीच्या त्या काडतुसांनी दुसऱ्याच आठवड्यात त्रास दिला. तीन मॅगझिनमध्ये दोनदा स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पुरती मिटलीच नाही, तळहाताने ठोकून बसवावी लागली. शिवाय ग्लॉकच्या नळीतल्या खाचा धारदार नसून गोलसर असतात. नुसत्या शिशाच्या गोळ्यांचा थर आत साचून दाब वाढू शकतो, म्हणून त्या वापरू नका असं ग्लॉक कंपनीचंच सांगणं आहे. मी शेवटी तांब्याचं कवच असलेल्या, चपट्या टोकाच्या २०० ग्रेनच्या गोळ्यांवर आलो. आजवर अशा दीडशे आणि सरावाच्या साध्या नऊशेच्या आसपास गोळ्या झाडल्या, माझ्या हातात एकदाही अडकलं नाही. जी काडतुसं डोंगरात नेणार त्यांतली निदान शंभर आधी रेंजवर झाडून बघा. महाग पडतं, माझ्या खिशाला प्रत्येक गोळी दीड डॉलरच्या वर पडली. पण पहिल्यांदा अडकायची जागा रेंजच असावी.

आणि हे सगळं करून एवढंच समजून असावं की १० मिलिमीटरची ऊर्जा साडेनऊशे जूलच्या घरात आहे आणि साध्या .३०-०६ शिकारी रायफलची त्याच्या चौपट. पिस्तूल हे कमी ताकदीचंच हत्यार. ते घ्यायचं कारण इतकंच की गळाची काठी हातात असताना, नदी ओलांडताना, तंबू ठोकताना ते अंगावरच राहतं. रायफल तेव्हा झाडाला टेकवलेली असते.

अंगावर राहणं आणि हाताशी असणं यांतला फरक मला गेल्या ऑगस्टमध्ये कळला. केनाय द्वीपकल्पावर रशियन नदीच्या काठाने वर तळ्यांकडे जाणारी वाट आहे. सॉकाय सामन मासे नदीत वर चढण्याचा हंगाम, त्यामुळे अस्वलं असणार हे गृहीतच होतं. आम्ही दोघं अशा वेळी मोठमोठ्याने मराठीत गप्पा मारत चालतो. पाऊस होता. मी रेनकोट गळ्यापर्यंत ओढून घेतला होता आणि पिस्तूल त्याच्या आत. बायकोचा स्प्रे सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, बाहेर.

वळणावर डोक्याएवढं वाढलेलं गवत होतं आणि पाण्याचा आवाज मोठा, आमच्या गप्पा त्यात बुडाल्या. गवत हललं आणि वीस पावलांवर अस्वलीण बाहेर आली, मागे एक मोठं झालेलं पिल्लू. ती उभी राहिली नाही. डोकं खाली घातलं, जबडा वाजवला (लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येतो तो) आणि फुत्कारून निघाली. माझा उजवा हात छातीवर गेला आणि रेनकोटवर आपटला. चेन शोधली. ओली चेन बोटांतून सुटली. मी ती पुन्हा चिमटीत धरली तोवर माझ्या डाव्या बाजूने फस्स असा आवाज झाला आणि नारिंगी ढग पसरला. बायकोने दोन सेकंदांचा फवारा जरा खाली, जमिनीच्या रोखाने मारला होता. अस्वलीण ढगात शिरली, जागच्या जागी वळली आणि पिल्लासकट खालच्या बाजूला नदीत उतरून पलीकडे गेली. तेव्हा कुठे माझी चेन निम्मी उघडली होती.

वाऱ्यावर थोडा स्प्रे आमच्याकडेही आला. अर्धा तास डोळे आणि घसा जळत होते, नदीच्या पाण्याने तोंड धुऊनही जाईना. बायको थरथरत होती आणि डबा हातातून सोडत नव्हती. तो डबा पंचेचाळीस डॉलरचा.

घरी आल्यावर रेंजवर टायमर लावून मोजलं. चेन बंद असताना पिस्तूल बाहेर काढून पहिली गोळी नेमावर लागायला मला साडेपाच सेकंद लागले. पिस्तूल उघड्यावर असताना सव्वादोन. तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरच्या पुढे धावतं, म्हणजे वीस पावलं त्याला जेमतेम सेकंदभर. त्या दिवसापासून होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) रेनकोटच्या वर आहे. भिजलं तर भिजू दे. सरावही बदलला. आता निम्म्या वेळी गोळ्या झाडतच नाही. घरी रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, सॅक पाठीवर, हातमोजे घालून शंभर-शंभर वेळा फक्त बाहेर काढतो. पावणेदोन सेकंदांवर आलोय. अजून तेवढं पुरेसं नाही, म्हणून गवताच्या वळणाआधी थांबून टाळ्या वाजवतो.

होल्स्टर छातीवरचंच घ्या. कमरेचं होल्स्टर सॅकच्या पट्ट्याखाली दबतं. चाप पूर्ण झाकणारं, कडक साच्याचं असावं, कारण ग्लॉकला बोटाने लावायचा वेगळा सुरक्षेचा खटका नसतो. माझं पहिलं होल्स्टर कापडी होतं. त्याचा पट्टा चालता चालता सैल होऊन पिस्तूल पोटावर येत असे. तीन आठवड्यांत ते बदललं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. अस्वल अंगावर बसलंच आणि नळी त्याच्या अंगाला टेकवून चाप ओढायची वेळ आली, तर पिस्तुलाची स्लाइड मागे दाबली जाऊन गोळी सुटणार नाही असं होऊ शकतं. रिव्हॉल्व्हर तिथेही चालतं. ज्यांचे हात .४४ ला खरोखर सरावलेले आहेत त्यांना मी ग्लॉक घ्या म्हणणार नाही. माझ्या शेजाऱ्यांकडे रिव्हॉल्व्हरच आहे आणि त्यांची नळी रिकाम्या घरावर तसूभरही हलत नाही.

बायकोला ग्लॉक जमला नाही. तिचा पंजा लहान, मूठ जाड, बोट चापावर नीट पोचत नाही. मनगट ढिलं पडलं की तिच्या हातात दोनदा काडतूस अडकलं. तिने स्प्रे निवडला आणि मुदत संपलेले डबे मोकळ्या जागेत रिकामे करून त्याचा सराव केला. त्या वळणावर तो सराव दिसला. एका घरात दोघांनी सारखंच हत्यार घ्यायचा हट्ट धरू नये. हातात धरून बघा आणि ज्याचं त्याला ठरवू द्या.

देखभालीचं थोडक्यात. व्हिटियरहून प्रिन्स विल्यम साउंड या समुद्राच्या खाडीत चार दिवस कयाक घेऊन गेलो होतो. परतल्यावर स्लाइड ठीक होती, पण बाहेरून बसवून घेतलेल्या माशीच्या (नळीवरच्या, नेम धरायच्या टोकाच्या) स्क्रूवर आणि मॅगझिनच्या स्प्रिंगवर तांबूस डाग दिसले. आता खाऱ्या पाण्यावरून आलो की त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पातळ तेलाचा हात फिरवतो. काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर संपवून नवी भरतो.

बाहेरून येणाऱ्यांसाठी प्रवासाचे नियम. विमानात पिस्तूल रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, सामानात जातं. बेअर स्प्रे मात्र केबिन आणि सामान दोन्हींत चालत नाही, इथे उतरून विकत घ्या. छोट्या विमानाने रानात जाणार असाल तर स्प्रेचं पायलटला आधी सांगा, तो डबा केबिनच्या बाहेर ठेवतो. अलास्का हायवेने गाडी घेऊन येणार असाल तर वाटेत कॅनडा आहे आणि पिस्तूल तिथून नेता येत नाही. अस्वलांसाठीचा स्प्रे नेता येतो. डेनालीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत नाही.

आणि गोळी झाडावीच लागली तर ते प्रकरण तिथेच संपत नाही. जीव वाचवायला अस्वल मारणं कायद्याला मान्य आहे, पण कवटी आणि नखांसकट कातडं सोलून सरकारच्या वन्यजीव विभागाला द्यावं लागतं आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. तुमच्या कचऱ्याने किंवा उघड्या अन्नाने अस्वल आलं असेल तर बचाव चालत नाही. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. आमचं सगळं अन्न बंद डब्यात, तंबूपासून शंभर पावलांवर असतं. गोळी कधीच झाडावी लागू नये यासाठी पिस्तुलापेक्षा तो डबा जास्त काम करतो. उरला मूस. मूस इथे अस्वलांपेक्षा जास्त माणसांना जखमी करतो आणि त्याच्यासमोर पिस्तूल काढायची मला एकदाही गरज वाटली नाही. झाडाआड जायचं, तो जाईपर्यंत थांबायचं.

सध्या छातीवर ग्लॉक, पट्ट्यावर स्प्रे, बायकोच्या पट्ट्यावर दुसरा. तिच्या डब्याची मुदत या एप्रिलला संपतेय, मेमध्ये बर्फ वितळायच्या आत नवा आणायचाय. जुना डबा मी मागच्या मोकळ्या मैदानावर रिकामा करणार आहे, रेनकोट घालून, डाव्या हाताने. तो हात अजून सरावलेला नाही.